महाराणीच्या पोटाचा आवाज

३ मार्च, मंगळवार

आजपासून डायरी. कारणं दोन. कंपनीने घरी बसवल्यापासून माझं ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही, आणि ताईने सकाळी स्पष्ट सांगितलं, "तुझ्या डोक्यातला कचरा कुठेतरी ओत, पण माझ्या चहाच्या वेळी नको."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. गुरांची डॉक्टर. सध्या मी तिच्या मागच्या खोलीत राहतो. खोलीत एक खाट, जंताच्या औषधाची खोकी आणि खांद्यापर्यंत येणाऱ्या प्लास्टिकच्या हातमोज्यांचा गठ्ठा. घरात मला अजून बारक्या म्हणतात. खाट हे ऐकून करकरते.

तर ताईला माझ्याकडून एक अ‍ॅप हवंय. तिचा गुडघा गेलाय, लांबलांबच्या गोठ्यांवर जाववत नाही, असं ती म्हणते. (कालच तिला फाटकावरून उडी मारताना पाहिलं. पण डॉक्टर ती आहे, मी नाही.) गोठेवाल्याने एक यंत्र जनावराच्या पोटाला लावायचं, फोनमध्ये दोन ओळी लिहायच्या, की आवाज आणि मजकूर दोन्ही ताईच्या फोनवर हजर.

तिचा पहिला प्रश्न, "आवाज मोठा करता येईल ना?"

"हवा तेवढा."

"मग कर."

मी समजावलं, की दोन फोनमध्ये एक सॉकेट उघडायचं, म्हणजे एक सरळ नळीच समज.

"लॉकेट कशाला?"

"सॉकेट."

"पॉकेट म्हण ना मग नीट, तोंडात काय पुटपुटतोस."

भाऊजी तेवढ्यात आले आणि "काय चाललंय?" असं गरजले. ते शाळेत कवायत शिकवतात. घरातही मैदानावर असल्यासारखे बोलतात. सवय.

५ मार्च, गुरुवार

यंत्र जोडायला जुना स्टेथोस्कोप हवा होता म्हणून ताईच्या टेबलाचा खण उघडला. आत तीन स्टेथोस्कोप, तिन्ही नवे कोरे. "तिन्ही बिघडलेत," ताई म्हणाली. "हल्ली कंपन्या काहीही विकतात." मी एक कानाला लावून माझंच पोट ऐकलं. मला तर उत्तम वाटला, पण माझ्या पोटात आवाजाला जागाही भरपूर आहे.

आज डोकं खाल्लं ते नळीने. नळीतून जातात नुसते आकडे, एकामागे एक. आवाजाचेही आकडे, अक्षरांचेही आकडे. मध्ये फट नाही, पूर्णविराम नाही. मी "गाय आजारी" एकदा पाठवलं म्हणून पलीकडे ते एकदाच मिळेल असं नाही. अर्धं आत्ता, उरलेलं मागाहून, पुढच्या आवाजाला चिकटून. आमच्या कंपनीतल्या मीटिंगांसारखं. त्यामुळे प्रत्येक वेळी आधी एक चिठ्ठी लावायची, की आता येतोय तो मजकूर, इतका लांब. आता येतोय तो आवाज, इतका लांब. पलीकडच्याने मोजून घ्यायचं. झालं.

९ मार्च, सोमवार

चालतंय! इंग्रजीत काहीतरी खरडून पाठवलं, मागोमाग स्वतःच्या पोटाचा आवाज. दोन्ही जागच्या जागी, धक्का न लागता. मी अजून संपलेलो नाही. कंपनीच्या साहेबाला हा आवाज पाठवावा असं फार मनात आलं. आवरलं.

उद्या गोठेवाल्या काकूंकडे पहिलं प्रात्यक्षिक.

१० मार्च, मंगळवार

आजचा दिवस डायरीत नसता तर बरं झालं असतं.

गोठेवाल्या काकू म्हणजे ताईचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा गोठा माझ्या खोलीपेक्षा स्वच्छ आहे आणि त्यांची लाडकी गाय महाराणी माझ्यापेक्षा चांगलं खाते. काकूंनी फोनवर मोठ्या हौसेने "महाराणी" असं लिहिलं, यंत्र तिच्या कुशीला लावलं, बटण दाबलं. ताई मुद्दाम अंगणात उभी.

ताईच्या स्क्रीनवर आलं "मह", आणि पुढे एक काळी चौकट, तिच्या पोटात प्रश्नचिन्ह. आणि महाराणीचं उरलेलं नाव स्पीकरमधून वाजलं. खर्र, खट्ट, मग एक किंकाळी. कोंबड्या उडाल्या. ताई तेवढी शांत उभी होती. माझी लाज राखायला असावी.

काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या गाईच्या पोटात हे असलं काही नाहीये."

दुपारी चूक सापडली. मी नावाची लांबी अक्षरांनी मोजली होती. पण मराठी अक्षर नळीतून जाताना इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतं. पलीकडचा फोन बिचारा मी सांगितलं तेवढंच मोजून थांबला आणि राहिलेलं नाव त्याने आवाज समजून वाजवलं. काल इंग्रजीत तपासलं म्हणून शहाणा ठरलो होतो. आपल्याच भाषेत एकदाही लिहून पाहिलं नाही, गाढवासारखा. (गाढवांचा आवाज मात्र यात छान जाईल.)

१२ मार्च, गुरुवार

दुरुस्त केलं. आता अक्षरं मोजत नाही, अक्षरांनी अडवलेली जागा मोजतो. काकूंनी स्वतः पाठवलं, "महाराणी, चारा खाल्ला, मूड चांगला." सगळं पोचलं, मूडसकट.

दुपारी फ्रिजचं दार उघडं राहिलं होतं. तो पींपीं करून जीव काढत होता आणि ताई शेजारीच उभी राहून निवांत अंडी फेटत होती. मीच खोलीतून धावत येऊन दार लावलं. "कशाला धावलास?" म्हणते. गुरांमध्ये राहून माणसाच्या नसा लोखंडी होतात बहुतेक. माझ्या नाहीत.

१६ मार्च, सोमवार

आता सहा गोठे नळीला जोडलेत, आणि ताईच्या मागण्या काही संपत नाहीत. आवाज आणखी मोठा कर. आणखी. आवाजाचं चित्र काढून दाखव, डोंगरदऱ्यांसारखं. गोठेवाल्यांना जास्त लिहायला लाव, जे ऐकू येईल तेही त्यांनीच लिहायचं.

मी म्हटलं, "अगं, आवाज येतोय ना? मग त्याचं वर्णन कशाला?"

"मी सांगते म्हणून."

तिचा माझ्या कामावर विश्वास नाही, दुसरं काय. लहानपणी माझा पतंगही तीच तपासून द्यायची. चित्राचं मात्र केलं. दिसायला चांगलं दिसतं.

२१ मार्च, शनिवार

महाराणीचं बिनसलंय. चार दिवसांपूर्वी व्याली. वासरू उत्तम, पण ती चाऱ्याला तोंड लावेना. काकूंनी ताईच्या सांगण्यावरून कुशीवर बोटाने ठोकत आवाज पाठवला. ताईने डोळे मिटून, फोन कानाशी दाबून, पुन्हा पुन्हा ऐकला.

"अपचन," ती म्हणाली. "औषध लिहून पाठव. चित्रातही काही वेगळं दिसत नाही."

मीही ऐकला होता. गुडगुड, गुडगुड, आणि मध्येच टण्. कोणी रिकाम्या पिंपावर टिचकी मारावी तसं. छान होता आवाज. म्हटलं, माझी नळी किती साफ चालतेय बघा, बारीकसा टण्सुद्धा हरवला नाही.

२३ मार्च, सोमवार

महाराणी उठेना. काकूंनी ताईला न विचारता पलीकडच्या गावचा डॉक्टर आणला. हा ताईचा वर्गमित्र. कॉलेजात ताई त्याला 'गुळगुळीत' म्हणायची, अजूनही तेच म्हणते. त्याने डाव्या बरगड्यांवर टिचकी मारली, स्टेथोस्कोपने ऐकलं आणि लगेच म्हणाला, पोट सरकलंय. आत वायू भरून ते वर तरंगतं, टिचकी मारली की धातूसारखं वाजतं. अपचन नव्हेच. तिला कसंबसं उभं करून तिथेच ऑपरेशन केलं. महाराणी वाचली, पण आणखी एक दिवस गेला असता तर नसती वाचली.

संध्याकाळी काकू ताईकडे आल्या. बसल्या नाहीत. "डॉक्टरीणबाई, तुमच्या भरवशावर मी दोन दिवस थांबले," एवढंच म्हणाल्या.

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "याच्या त्या नळीने घोळ घातला. आवाज अर्धवट आला."

सगळ्यांसमोर. मी मान खाली घातली. मागच्या वेळी नावाचा घोळ मीच केला होता, तेव्हा आताही मीच असणार. काकूंची माफी मागितली. महाराणीचीही मागावीशी वाटली.

२४ मार्च, मंगळवार

ताईने सगळ्या गोठ्यांवर कळवलं, अ‍ॅप बंद, डॉक्टर स्वतः येईल. आणि गेली गाडी घेऊन, गुडघ्यासकट. काकूंच्या गोठ्यावर मात्र आता गुळगुळीत जातो. बाकीच्यांच्या कानावरही गेलंच असेल.

मी खोलीत पडून छताकडे बघतोय. एका गाईचा जीव घेत होतो मी. कंपनीत माझ्या चुकीने फार तर कोणाचं पिझ्झाचं बिल दोनदा कापलं जायचं.

२६ मार्च, गुरुवार

आज सगळं उकरलं. काकूंच्या फोनमध्ये महाराणीचा मूळ आवाज जपलेला होता. भाऊजींना मध्ये घालून तो मागवला. ताईच्या फोनवर पोचलेला आवाज शेजारी ठेवला आणि आकड्याला आकडा जुळवत गेलो.

एकही आकडा इकडचा तिकडे नाही. निघाला तसाच पोचला!

मी खोलीत नाचलो. खरंच नाचलो. हातमोज्यांचा गठ्ठा उधळला. माझा कोड बरोबर आहे, महाराणीच्या पोटातला प्रत्येक वायू मी सुखरूप पोचवलाय! भाऊजी दारात येऊन बघत उभे राहिले. मी सांगितलं. ते हसले नाहीत.

"मग टण् तिला का नाही कळला?" त्यांनी विचारलं. चक्क हळू आवाजात.

"ताईच्या फोनचा स्पीकर," मी म्हणालो. "नक्की. उद्या बघतो."

ते उधळलेले हातमोजे उचलून खाटेवर ठेवून गेले.

२७ मार्च, शुक्रवार

स्पीकर तपासायला साधी युक्ती केली. तिच्या फोनमधून एकेक शिट्टी वाजवायची, खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत. ताईला म्हटलं, ऐकू आली की हात वर कर.

"मी काय शाळेत आहे?" पण बसली. फोन कानाशी धरला. खालचे सूर, हात वर. मधले, हात वर. मग थोडं वर गेलो, हात मांडीवरच. आणखी वर. हात मांडीवरच.

"लागलं का काही?" ती विचारत होती, आणि मी तेव्हा शिट्टी वाजवतच होतो.

"सापडलं!" मी म्हणालो. "वरचे सूर तुझा फोन काढतच नाही. नवा घ्यायला लागेल." ती फार खूश झाली. इतकी, की स्वतः उठून चहा केला.

तिने चहा आणेपर्यंत सहज म्हणून मी तोच फोन माझ्या कानाला लावला आणि तीच शिट्टी वाजवली.

कानठळ्या बसल्या.

पुढचं काही लिहवत नाही. चहा प्यायलो. चांगला झालाय म्हटलं.

२९ मार्च, रविवार

भाऊजींना मैदानाच्या कडेला गाठलं. पोरं पळत होती, तेव्हा कोणी ऐकण्याचा प्रश्न नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"आणि तिला?"

"तीन स्टेथोस्कोप उगाच घेतले का तिने? आणि तुला हे अ‍ॅप करायला उगाच लावलं?" त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. "तिला वाटलं, फोनमधून मोठं करून मिळेल. मी एकदा विषय काढला होता. महिनाभर माझ्याशी बोलली नाही. म्हणून मग मीच मोठ्याने बोलायला लागलो. तुला काय वाटलं, मला घसा फोडायची हौस आहे?"

मला तसंच वाटलं होतं. हे त्यांना सांगितलं नाही.

"तू सांग तिला," ते म्हणाले. "तुझ्याकडे आकडे आहेत."

मस्तच. नोकरी नाही, खोली तिची, जेवण तिचं, आणि तिला हे मी सांगायचं.

३१ मार्च, मंगळवार

सांगितलं. दवाखान्यात, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. शब्द असे काही जुळवून गेलो होतो, आणि तिच्यासमोर तोंडातून निघालं ते, "ताई, नळी ठीक आहे आणि फोनही ठीक आहे."

तिने इंजेक्शनच्या सुया लावणं थांबवलं नाही. "म्हणजे?"

मी स्वतःच्या कानाकडे बोट केलं.

"मी बहिरी आहे म्हणतोस?"

"मी तो शब्द वापरला नाही."

"तुझी हिंमत नाही म्हणून! मी तुझं सगळं ऐकतेय ना आत्ता?"

"समोर बघून ऐकतेस. पाठ फिरव."

ती रागाने पाठमोरी झाली. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "शेवटचं बिस्किट शोधू नकोस, ते मीच खाल्लं." मग उगाच आणखी काहीबाही बोललो, स, श, च भरलेलं. ती तशीच उभी. खांदे हलत होते. मला वाटलं, हसतेय.

हसत नव्हती.

"आधी पाखरं गेली," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "वाटलं, झाडं तोडली म्हणून गेली असतील. मग वासरांचा श्वास. मग एक दिवस टण्. बारक्या, एवढी वर्षं मी त्या टण्‌वर पोट भरलं रे. तो नाही म्हणजे मी कोण?"

मी सुया लावू लागलो. त्याही चुकीच्या खणात लावल्या. त्यावर ती ओरडली, तेव्हा जरा बरं वाटलं.

४ एप्रिल, शनिवार

ताई काकूंच्या गोठ्यावर गेली. मला गाडीत बसवून नेलं, साक्षीदार म्हणून की शिक्षा म्हणून, कळलं नाही.

"नळीचा दोष नव्हता," ती म्हणाली. "माझ्या कानांचा होता. मी याच्या माथी मारलं."

काकू चारा घालत होत्या. "मला ठाऊक होतं, डॉक्टरीणबाई. वर्षभर मी तुमच्याशी ओरडूनच बोलतेय. घसा बसतो माझा."

म्हणजे सगळ्या जगाला माहीत होतं. मी एकटाच तेवढा कोड लिहीत बसलो होतो.

"मग त्या दिवशी थांबलात कशाला?" ताईने विचारलं.

"तुम्ही म्हणालात म्हणून," काकू म्हणाल्या. ताईला हे माफीपेक्षा जड गेलं असावं. काकूंनी पुन्हा येत-जात राहा वगैरे काही म्हटलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

ताई कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. "त्याचे हात थंड होते आणि त्याने मला आधी हात हुंगूही दिला नाही," ही तिची तक्रार. यंत्रं मिळायला वेळ लागेल, आणि गेलेला वरचा सूर पूर्ण परत येईल असंही नाही.

तोवर मी एक केलंय. आवाज म्हणजे शेवटी आकडेच. ताईचे कान वर पोचत नसतील तर आवाजालाच खाली आणायचं. महाराणीचा तोच आवाज घेतला, सगळे सूर दोन पायऱ्या उतरवले आणि तिला ऐकवला. गुडगुड आता पहाड कोसळल्यासारखी आली. आणि मग, ठण्ण.

ताईचा चेहरा लिहून दाखवता येणार नाही. "पुन्हा लाव," ती म्हणाली. पुन्हा लावला. "पुन्हा." भाऊजी जेवायला हाका मारून थकले. हळू आवाजात मारत होते ना, सवय सोडायचा प्रयत्न चाललाय.

१८ एप्रिल, शनिवार

आत्ताच आंघोळ करून बसलोय. दुसऱ्यांदा. वास जात नाही.

सकाळी काकूंच्या फोनवरून नळीत अचानक संदेश आला. गुळगुळीत कुठल्या परिषदेला गेला होता म्हणून. महाराणीची बहीण, तीही नुकती व्यालेली. आवाज डाव्या कुशीचा. मी माझ्या धडधाकट कानांनी नीट ऐकला. गुडगुड, बाकी काही नाही. टण् नाही, ठण्ण नाही.

"अपचन," मी जाहीर केलं. आपल्यालाही आता थोडं कळायला लागलंय, असं वाटलं होतं.

ताईने आवाज लावलाच नव्हता. ती मजकूर वाचत होती. काकूंनी लिहिलं होतं, दूध कालपासून एकदम बंद, डोळे आत गेलेत, कान गार.

तिने फोन लावला. "काकू, यंत्र उजवीकडे लावा. हो, उजवीकडे. शेवटच्या बरगड्यांवर टिचकी मारा."

आला, दोन पायऱ्या उतरून. ठण्ण.

"पीळ पडलाय," ताई उठली. "यात थांबून चालत नाही. चल."

"मी? मी कशाला?"

"हात हवेत. आणि तुला ऐकू छान येतं रे बारक्या, पण वाचायला काय होतं? मजकूर पाठवायची सोय तूच केलीस ना?"

गुडघ्याचा विषय कोणी काढला नाही. गोठ्यात तिने गाईच्या उजव्या कुशीला भूल दिली, चीर घेतली आणि मला माझ्याच खोलीतला एक लांब हातमोजा घालायला लावला. माझा हात कोपरापर्यंत गाईच्या आत होता आणि ताई शेजारून सांगत होती. धर. सोड. धर म्हटलं ना! आतलं सगळं गरम, जिवंत, आणि कुठलीही गोष्ट कुठे संपते, कुठे सुरू होते याचा पत्ता नाही. ताईचे डोळे मिटलेले होते. स्वतःचाही हात खांद्यापर्यंत आत घालून ती ऐकत नव्हतीच काही, नुसती चाचपत होती, आणि एका क्षणी तिने मनगट फिरवलं. माझ्या तळहाताखालचा तो फुगा सरकून जागेवर गेला. मला कळलं ते. हाताला कळलं.

टाके घालून झाल्यावर आम्ही तिघं उभे राहिलो. गाय मान खाली घालून उभी. "वाचेल?" काकूंनी विचारलं. नेहमीसारखं ओरडून नाही, ताईच्या समोर येऊन, हळू.

"आतडं चालू झालं तर," ताई म्हणाली. "वाट बघायची."

वाट बघितली. काकूंनी तिघांसाठी चहा आणला आणि ताईला बसायला बादली उपडी करून दिली. चहा निवला, दुसरा झाला. ऊन दारातून पार मागच्या भिंतीवर गेलं.

आणि मग गाईने शेपूट उचललं आणि भरपूर, मनापासून, थेट माझ्या बुटांवर शेण टाकलं.

काकू किंचाळल्या. ताईने टाळ्या वाजवल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मग वाकून माझ्या बुटांकडे बघायला लागल्या, कौतुकाने, रंग आणि घट्टपणा यावर चर्चा करत. मी हललो नाही. कंपनीत इतकी वर्षं घासली, पण माझ्या पायाशी पडलेल्या कुठल्याही गोष्टीवर लोक एवढे खूश झाले नव्हते.